गाडी रात्रभर बंद, तरी सकाळी काचा आतून ओल्या : पाणी येतंय कुठून?

सरळमार्गी

मंडळी, जरा डोकं लावा. आठेक वर्षं जुनी छोटी हॅचबॅक आहे, सनरूफ वगैरे लाड नाहीत. गेले काही आठवडे सकाळी बघावं तर काचा आतून ओल्या. बाहेरचं दव नाही, बोट फिरवून खात्री केली आहे. पुढची काच सगळ्यात वाईट, त्याखालोखाल मागची. बाजूच्या काचांवर नुसती झाक. रात्री गाडीत कोणी नसतं, ओली छत्री किंवा कपडे ठेवत नाही. ब्लोअर लावला की थोड्या वेळाने दिसायला लागतं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी आधी एसीचा गॅस भरला, मग केबिन फिल्टर बदलला, मग पुढच्या काचेच्या कडेने काळं सीलंट फासलं. "काचेवर पाणी येतंय म्हणजे काचच गळत असणार" हे त्यांचं म्हणणं. फरक शून्य. आता काच काढून नव्याने चिकटवू म्हणताहेत. म्हटलं त्याआधी इथे विचारावं. कार्पेटला वरून हात लावला तर कोरडं लागतं. वास जरासा कुबट.

उगाचच

गाडीला रात्री वाईट स्वप्नं पडत असणार, दरदरून घाम फुटतोय. हलके घ्या.

बाकी रुमाल टाकून ठेवतो, आमच्याकडेही हेच रडगाणं आहे.

पानेवाला

काच अजिबात काढू देऊ नका. "काचेवर पाणी म्हणून काच गळते" हे तर्कट मी इतक्या वेळा ऐकलंय की आता हसूही येत नाही. काचेवर बाष्प धरतं कारण गाडीत सगळ्यात थंड वस्तू तीच असते. पाणी आत शिरायची जागा तिथून दोन हात लांब, पायाखाली किंवा डिकीतही असू शकते. काच फक्त एवढंच सांगते, की गाडीत कुठेतरी पाणी साठलंय.

आता मला हे सांगा:

एसी वापरता का? वापरत असाल तर उभ्या गाडीखाली पाणी ठिबकतं का?
रेडिएटरच्या टाकीतलं कूलंट कमी होतंय का?
पाऊस पडला किंवा गाडी धुतली की त्रास वाढतो, की रोज सारखाच?
गेल्या वर्षभरात गाडीचं काय काय उघडलं होतं? म्युझिक सिस्टम, दाराचं पॅड, टेललाइट, मागचा कॅमेरा, छतावरची अँटेना, काहीही.

शेवटचा प्रश्न लोक टाळतात. पण गळती बऱ्याचदा तिथेच सापडते जिथे कुणाचा तरी पाना लागलेला असतो.

शंकासुर

एवढं कशाला? सिलिका जेलच्या दोन पिशव्या डॅशबोर्डवर ठेवा आणि मोकळे व्हा.

काटकोन

शंकासुर, हिशेब करून बघू.

वीस अंशांना हवेच्या एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे 17 ग्रॅम बाष्प मावतं. दहा अंशांना तेच 9.4 ग्रॅमवर येतं. लहान गाडीच्या आत साधारण तीन घनमीटर हवा असते असं धरू. संध्याकाळी वीस अंश आणि 80 टक्के आर्द्रता असताना दारं लावली तर आतल्या हवेत एकूण 41 ग्रॅमच्या आसपास पाणी आहे. पहाटे सगळं दहा अंशांवर आलं तर त्यातलं 28 ग्रॅम हवेतच राहू शकतं. म्हणजे काचेवर उतरणार तेरा ग्रॅम. तीन छोटे चमचेसुद्धा नाहीत.

तेव्हा कारण कुठलं ते ओळखायची एक साधी पद्धत: कोरडं फडकं वजनकाट्यावर ठेवा, सकाळी त्याने सगळ्या काचा आतून नीट पुसा, पुन्हा वजन करा. फरक दहा-पंधरा ग्रॅम आला तर निव्वळ हवेतली ओल, फार काही शोधत बसू नका. चाळीस, साठ ग्रॅम आले तर गाडीत पाण्याचा साठा आहे. रात्रभर तो हळूहळू हवेत उडतो आणि काचेवर जमतो.

सिलिका जेल अगदी दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी धरतं. अर्ध्या किलोच्या पिशवीत फार तर पावणेदोनशे ग्रॅम. कार्पेटखालच्या नमद्यात, म्हणजे जाड गादीसारख्या थरात, काही लिटर पाणी आरामात बसतं. गळती चालू असताना पिशव्या ठेवून काय होणार?

आणि पुढची-मागचीच काच जास्त का, तर त्या तिरप्या असतात, आभाळाकडे तोंड करून. रात्री उघड्या आभाळाखाली त्या उष्णता बाहेर टाकतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. बाजूच्या काचा जवळजवळ उभ्या असल्याने त्यांचं एवढं होत नाही. गाडी छपराखाली लावून बघा, काचेवर बाष्प कमी धरेल. पण म्हणून पाणी गेलं असं नाही.

रातराणी

माणसं बसल्यावर जे होतं ते वेगळं ना? आम्ही चौघं बसलो की पाच मिनिटांत समोरचं दिसेनासं होतं.

काटकोन

हो, ते वेगळं. स्वस्थ बसलेला मोठा माणूस श्वास आणि त्वचा मिळून तासाला ढोबळमानाने चाळीस-पन्नास ग्रॅम बाष्प सोडतो. चौघं म्हणजे जवळपास दोनशे. वर हिशेब केलाय त्या तीन घनमीटर हवेत एवढं मावतच नाही. हवा आतल्या आत फिरवायचं बटण लागलेलं असेल तर काच धरणारच. बाहेरची हवा घ्या.

पानेवाला

रातराणीताई, ते बटण दाबल्यावर ब्लोअरचा आवाज बदलतो का ऐका. आतल्या आत फिरणारी हवा मोठ्याने घोंघावते, बाहेरची घेतली की आवाज दबतो. काहीच फरक नसेल तर आतली झडप एका जागी अडकली आहे. बटणावरचा दिवा लागतो-विझतो, त्यावर जाऊ नका. दिवा विजेचा असतो, झडप प्लास्टिकची.

दुसरं, ब्लोअर पूर्ण जोरात लावून एक काच बोटभर खाली करा. हवेचा झोत एकदम वाढला तर गाडीतली हवा बाहेर पडायचा रस्ता बंद आहे. मागच्या बंपरच्या आड, डिकीच्या बाजूच्या पत्र्यात रबरी पडद्यांचे झरोके असतात. डिकीत सामान कोंबलं किंवा बंपर बसवताना काही आडवं आलं की ते दबतात. जुनी हवा गेली नाही तर नवी येणार कुठून?

सरळमार्गी

धन्यवाद मंडळी. पानेवाले, उत्तरं देतो.

एसी हल्ली लावत नाही, थंडी आहे. लावत होतो तेव्हा खाली पाणी ठिबकायचं. कूलंट जिथल्या तिथे, खुणेला धरून. पाऊस झाला की दोन-तीन दिवस जास्त, मग कमी, पण पूर्ण कधीच थांबत नाही. उघडलं काय म्हणाल तर चालकाच्या शेजारच्या सीटकडच्या दाराची काच वर-खाली होत नव्हती, पावसाळ्याआधी त्याची विंडो मशीन बदलली. बाकी काही नाही.

काटकोन, फडक्याचं वजन केलं. साठ-सत्तर ग्रॅमचा फरक! स्वयंपाकघरातला काटा गाडीच्या टपावर ठेवून उभा होतो तेव्हा शेजारचे गृहस्थ बराच वेळ बघत होते.

जुनाट गाडीवाला

एसी लावत नाही हेच तर दुखणं! थंडीतही लावायचा. कूलिंग कॉइलवरून हवा गेली की तिच्यातलं पाणी कॉइलवर उतरतं आणि खाली पाइपने बाहेर जातं. मग हीटरने तीच हवा गरम करून काचेवर सोडायची. काचेचं चिन्ह असलेलं बटण दाबलं की बऱ्याच गाड्यांत एसी आपोआप चालू होतो, तो याचसाठी.

शंकासुर

थंडीत एसी चालतच नाही बहुतेक गाड्यांचा, कॉम्प्रेसर बंद राहतो.

जुनाट गाडीवाला

तापमान गोठणबिंदूच्या आसपास गेलं तर बंद राहतो, कारण कॉइलवर बर्फ धरेल. पण तेवढ्या थंड हवेत बाष्पच इतकं कमी असतं की ती आत घेऊन नुसती तापवली तरी काच सुकते. मधल्या तापमानाला एसी बिनदिक्कत चालतो.

जाता जाता, एसी बंद केल्या केल्या काच एकदम पांढरी होते असा अनुभव कोणाला असेल तर घाबरू नका. ओल्या कॉइलवरचं पाणी ब्लोअर परत आत उडवतो. ठिकाणावर पोचायच्या थोडं आधी एसी बंद करून ब्लोअर चालू ठेवला तर कॉइल सुकते, आंबूस वासही कमी होतो.

पानेवाला

हे सगळं खरं, पण गाडी रात्री बंद असते आणि फडकं साठ ग्रॅम पाणी टिपतंय. एसीने सकाळची काच साफ होईल, साठा तसाच राहील. तेव्हा एसी बाजूला ठेवू आणि पाणी शोधू.

कूलंट कमी होत नाही, वास कुबट आहे पण गोडसर नाही, काचेवर तेलकट थर नाही (नाही ना?). म्हणजे हीटर कोर (गरम कूलंटवर आतली हवा तापवणारा छोटा रेडिएटर) संशयातून सुटला. तो गळत असता तर हीटर लावल्या लावल्या काच चिकट धुक्याने भरली असती आणि चालकाच्या किंवा शेजारच्या पायाशी रंगीत पाणी आलं असतं. ते पाणी जिभेला लावून बघायचा शहाणपणा कोणी करू नये, कूलंट विषारी असतं. टिश्यूवर टिपलं की रंग दिसतो.

एसीचा ड्रेनही (पाणी बाहेर सोडणारा पाइप) संशयातून सुटला. आता लावत नाहीत आणि लावायचे तेव्हा पाणी खाली पडत होतं.

पावसाने वाढतं म्हणजे बाहेरचं पाणी. सरळमार्गी, आता हे करा. कार्पेट वरून चाचपून उपयोग नाही. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी उचला, ती खटक्यांवर बसवलेली असते. तिच्याखालून कार्पेटची कड सुटी करा आणि हात नमद्याच्या खाली, थेट पत्र्यापर्यंत घाला. चारही ठिकाणी. डिकीत स्टेपनीच्या खळग्यातही. आणि संशय ठेवा तो विंडो मशीनवर.

रातराणी

स्टेपनीच्या खळग्याबद्दल +१. आमच्या आधीच्या गाडीत तिथे चक्क डबकं होतं. टेललाइटच्या मागचं गॅस्केट चपटं झालेलं. आम्ही वर्षभर छताकडे संशयाने बघत होतो.

सरळमार्गी

सापडलं! म्हणजे पाणी सापडलं, वाट नाही.

चालकाची बाजू कोरडी. डिकी कोरडी, स्टेपनीखाली फक्त धूळ आणि हरवलेलं एक पेन. शेजारच्या सीटच्या पायाशी नमदा किंचित दमट. पण त्याच बाजूला मागे, मागच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाखाली, हात घातला तर बोटं बुडाली. करड्या रंगाचा नमदा दाबला की पाणी वर येऊन परत आत जात होतं. वरचं कार्पेट मात्र हाताला कोरडं! पाणी गढूळ, बिनवासाचं, टिश्यूवर मातकट डाग.

आता प्रश्न असा, की दुरुस्ती पुढच्या दाराची झाली आणि पाणी मागे. मग मागचं दार गळतंय का?

उगाचच

माझीही पट्टी उचलली. माझ्याकडे कोरडं आहे, पण खटका तुटला. आता दारू उघडताना पट्टी सोबत येते.

उगाचच

दार! दार उघडताना. संपादनाची सोय कुठे गेली इथली?

किलबिल

आधीचं वाक्य जास्त चांगलं होतं.

पानेवाला

:)

सरळमार्गी, गाडी कुठल्या बाजूला उतार असलेल्या जागी लावता? नाक वर, शेपूट खाली असेल तर पुढे शिरलेलं पाणी पत्र्यावरून मागे जाणारच. पुढच्या आणि मागच्या पायांच्या जागांमध्ये सीटखालचा जो उंचवटा असतो त्याच्या कडेने वायरिंगची वाट असते, पाणी तीच धरतं. सपाट जागेवरसुद्धा गाडी वेग घेते तेव्हा पाणी मागे सरकतं. त्यामुळे जिथे डबकं तिथे भोक, हेही धरून चालू नका.

आता पाण्याने शोधायचं. दोन माणसं लागतात. एक आत टॉर्च घेऊन, उंबऱ्याच्या पट्ट्या काढलेल्या, कार्पेटची कड वर करून. दुसरा बाहेर साधा नळाचा पाइप घेऊन. धार बारीक, नुसतं पाणी वाहू द्यायचं. गाडी धुवायचा जोरदार पंप वापरू नका, तो चांगल्या रबरातूनही पाणी आत घुसवतो आणि मग आपण भलत्याच जागी सीलंट फासत बसतो.

खालून सुरुवात, मग वर. आधी दाराचा खालचा भाग, मग दाराची काच, मग पुढच्या काचेखाली वायपरची जाळी, मग काचेची कड, शेवटी छप्पर. प्रत्येक जागी काही मिनिटं तरी थांबा. वरून सुरू केलंत तर पाणी ओघळत सगळीकडे जाईल आणि काहीच कळणार नाही.

वायपरच्या जाळीखाली पालापाचोळा असेल तर तो आधी काढा. तिथलं पाणी दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून चाकांच्या मागे उतरायला हवं. नळी तुंबली की जाळीखाली तळं होतं आणि ब्लोअर जिथून हवा ओढतो तिथूनच पाणी आत येतं. तुमच्या केबिन फिल्टरचा जुना तुकडा बघायला मिळाला असता तर बरं झालं असतं. तो ओला होता का विचारा.

शंकासुर

आणि बीडिंग? दाराच्या रबरात कागद धरून दार लावायचं, कागद सहज ओढून निघाला तर रबर ढिलं.

पानेवाला

ती परीक्षा चांगली आहे. रबरावर थोडी टाल्कम पावडर लावून दार बंद करून उघडलं तरी पत्र्यावर कुठे ठसा उमटत नाही ते दिसतं. पण शंका दाराच्या आतल्या पडद्याची आहे, आणि तो या कागदाच्या परीक्षेत कधीच पकडला जात नाही. रबर उत्तम असतं, दार घट्ट बसतं, आणि पाणी रबराच्या आतल्या बाजूने येतं.

रातराणी

हे नाही कळलं. दाराच्या आत पाणी मुळात जातंच कसं?

जुनाट गाडीवाला

रोज जातं, प्रत्येक गाडीच्या. काच दारात जिथून खाली सरकते तिथे रबराची पट्टी असते. ती काच पुसते, पाणी पूर्ण अडवत नाही, तशी अपेक्षाही नाही. पावसाचं पाणी काचेवरून ओघळून दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून रस्त्यावर पडतं. दाराची खालची कड वाकून बघा, दोन-तीन चिरा किंवा भोकं दिसतील. ती मातीने बुजली की दार हलवल्यावर आत पाणी डुचमळतं.

या ओल्या पोटात आणि तुम्ही कोपर टेकवता त्या पॅडमध्ये एक पडदा असतो. प्लास्टिकचा किंवा पातळ फोमचा, कडेने काळ्या चिकट ब्युटाइलने चिकटवलेला. ओलं तिकडे, कोरडं इकडे, हे काम तो करतो. विंडो मशीन बदलायची तर पडदा सोडवल्याशिवाय हात आत जात नाही. परत चिकटवताना ब्युटाइलवर धूळ बसली, किंवा कारागिराने नुसता दाबून वर पॅड ठोकलं, की खालची कड सुटते. मग पाणी पडद्याच्या इकडच्या बाजूने पॅडमागून उतरतं, उंबऱ्यावर येतं आणि तिथून कार्पेटखाली. तुम्हाला दिसत काहीच नाही.

काटकोन

एक जोडतो. काही गाड्यांत बाजूने धडक बसल्याचं ओळखायला दाराच्या पोटात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. तिथे पडदा घट्ट असणं हे फक्त पाण्यासाठी नसतं. फाटका पडदा टेप लावून ढकलू नये.

किलबिल

बाप रे. हे पहिल्यांदाच कळलं. वाचनखूण साठवली.

सरळमार्गी

पाइप घेऊन झालं. भाऊ बाहेर, मी मागच्या सीटच्या पायाशी दुमडून, टॉर्च तोंडात.

दाराच्या खालच्या भागावर पाणी: काही नाही. मग शेजारच्या बाजूच्या पुढच्या दाराच्या काचेवर बारीक धार सोडली. थोडा वेळ काहीच नाही, भावाची कुरकुर सुरू. आणि मग पॅडच्या खालच्या कडेला, स्पीकरच्या जाळीच्या मागच्या कोपऱ्यातून, एक थेंब आला. लोंबला, पडला, उंबऱ्याच्या पत्र्यावर सरकत कार्पेटच्या कडेखाली गेला. मग दुसरा. मग थेंब मोजायची गरजच राहिली नाही, सलग ओघळ लागला. रबराची बीडिंग त्याच्या बाहेरच्या बाजूला, अगदी कोरडी!

खात्रीसाठी चालकाच्या दारावर तेवढाच वेळ धार सोडली, आत थेंब नाही. वायपरची जाळी, काच, छप्पर, सगळीकडे पाणी सोडलं. कोरडं.

पॅड काढलं. पडदा खालच्या बाजूने वीतभर सुटून आतल्या आत दुमडलेला. ब्युटाइलच्या पट्टीवर मातीचा थर. एका कोपऱ्यात तर कागदी टेप, पाण्याने लगदा झालेली. ज्याने चिकटवली त्याला माझा नमस्कार कळवावा म्हणतो.

आता चिकटवू कशाने? घरात सिलिकॉनची ट्यूब आहे.

पानेवाला

सिलिकॉन नको! ज्याला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो ते सुकताना आम्ल सोडतं, पत्र्याला गंज लावतं. आणि एकदा सिलिकॉन लागलं की पुढे त्या जागेवर दुसरं काही धड चिकटत नाही, रंगसुद्धा.

ब्युटाइलची दोरी मिळते, तीच आणा. जुनं ब्युटाइल मातकट असेल तिथे सगळं खरवडून काढा. नव्याच्याच गोळीने टिपलं तर पटकन निघतं. मग पत्रा स्पिरिटने पुसून पूर्ण सुकू द्या. थंडीत ब्युटाइल कडक असतं, केस वाळवायच्या यंत्राने पत्रा आणि दोरी कोमट करा. पडदा लावून कड बोटाने नाही तर छोट्या रोलरने किंवा चमच्याच्या पाठीने दाबत न्या, सांधा कुठेही सोडू नका. काही दारांत पडद्याची खालची कड पत्र्यातल्या फटीतून आत सोडलेली असते, म्हणजे पडद्यावरून ओघळणारं पाणी परत दाराच्या पोटात जातं. तुमच्याकडे तशी फट असेल तर कड बाहेर ठेवून चिकटवू नका.

पॅड बसवण्याआधी पुन्हा पाणी सोडून बघा. हे विसरू नका, नाहीतर सगळे खटके दुसऱ्यांदा काढावे लागतील आणि उगाचच यांच्यासारखी गत होईल.

उगाचच

मी काय केलं आता?

शंकासुर

गळती थांबली की झालं. नमदा आपोआप सुकेल, हीटर लावून फिरा.

पानेवाला

नाही सुकणार, निदान लवकर नाही. वर कार्पेट, बऱ्याच गाड्यांत त्याच्या पाठीला रबरासारखा थर, खाली पत्रा. मध्ये अडकलेलं पाणी महिनोन्महिने राहतं. बुरशी धरते, पत्रा गंजतो, आणि कार्पेटखाली जी वायरिंगची जोडणी असते ती हिरवी पडते. मग काचेपेक्षा महाग दुखणी सुरू होतात.

सीट काढायची असेल तर सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. इग्निशन चालू असताना ते ओढायचे नाहीत. बॅटरीचं टर्मिनल काढून काही मिनिटं थांबायचं, गाडीच्या पुस्तकात लिहिलं असेल तेवढी, मगच हात लावायचा. जमत नसेल तर सीट राहू द्या. कार्पेटची कड जमेल तेवढी वर करून खाली लाकडी ठोकळा सरकवा. पाणी ओढणारा व्हॅक्यूम असेल तर आधी त्याने ओढा, नाहीतर जुने टॉवेल दाबून पिळत राहा. मग पत्रा आणि नमदा यांच्या मधून पंख्याचा वारा जाऊ द्या.

काटकोन

आणि काचा लावून हीटर चालवू नका, निदान सतत नाही. उष्णतेने पाणी नमद्यातून हवेत येतं, पण हवा बाहेर गेली नाही तर रात्री ते परत आतच उतरतं. गरम करा, मग दारं उघडून ती हवा जाऊ द्या, पुन्हा गरम करा. किंवा एसी आणि हीटर एकदम. घरचा विजेवर चालणारा डीह्युमिडिफायर असेल तर तो गाडीत ठेवून काचा बंद ठेवायच्या, कारण तो पाणी आपल्या टाकीत गोळा करतो. त्या टाकीतलं पाणी मोजलं की किती बाहेर आलं तेही कळतं.

आता उरलेल्या ओलीसाठी शंकासुर यांच्या सिलिकाच्या पिशव्या चालतील.

शंकासुर

शेवटी आमच्या पिशव्याच कामाला आल्या की!

सरळमार्गी

ताजी खबर. पडदा नव्या ब्युटाइलने बसवला, पॅड लावण्याआधी काचेवर पुन्हा धार सोडली. सगळं पाणी तळाच्या भोकांतून खाली, आत थेंब नाही. एक भोक मातीने बुजलेलं होतं, तेही तारेने मोकळं केलं.

सीट गाडीच्या पुस्तकाप्रमाणे बॅटरी काढून सोडवली. नमदा दाबून पिळलेलं पाणी बादलीत जमवलं, चांगली तळ झाकून वर आली. शेजाऱ्यांकडून डीह्युमिडिफायर आणला (तेच शेजारी, आता त्यांनाही उत्सुकता). पहिल्या रात्री टाकी जवळजवळ भरली, नंतर नंतर तळाला थोडंसं. पत्र्यावर तांबूस ठिपके दिसले. घासून गंजरोधक रंग मारला.

परवा रात्री चांगला पाऊस झाला. सकाळी पुढच्या काचेच्या खालच्या कडेला किंचित धुकं होतं, बाकी साफ. फडक्याचं वजन केलं, काट्यावर धड फरक दिसेना. कार्पेटखाली कोरडा टिश्यू ठेवला होता, तो कोरडाच निघाला.

एक शंका उरली. ते किंचित धुकं का? आणि काच पुसली तरी तिच्यावर बोटांच्या रेघा उमटतात.

काटकोन

वरच्या तेरा ग्रॅमच्या हिशेबातलं असेल, ते राहणारच. रेघांचं कारण काचेवरचा थर. डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हात तापलं की त्यातली द्रव्यं उडून काचेच्या आतल्या बाजूवर बसतात. अशा मळक्या काचेवर बाष्प बारीक थेंबांनी धरतं आणि लवकर दिसतं. स्वच्छ काचेवर तेवढंच पाणी पसरून पातळ राहतं. स्पिरिट मिसळलेल्या पाण्याने आणि स्वच्छ मायक्रोफायबरने दोनदा पुसा, दुसऱ्यांदा नवीन फडकं घ्या. डॅशबोर्डवर चकाकीचा फवारा मारत असाल तर तो बंद करा.

जुनाट गाडीवाला

अभिनंदन! आता मागचे दोन्ही दरवाजेही एकदा धार सोडून बघा. त्यांची भोकंही तेवढ्याच वर्षांची आहेत.

रातराणी

याच धाग्यात विचारते. आमच्या आताच्या गाडीला सनरूफ आहे आणि पुढच्या खांबाच्या आतल्या कापडावर डाग आलाय. काचाही धरतात. हेच का?

पानेवाला

नाही, तुमचं वेगळं. सनरूफच्या चौकटीत पाणी येणं गृहीतच असतं, ते कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खांबांच्या आतून खाली जातं. नळी तुंबली किंवा जोडातून निसटली की कापडावर डाग येतो. सनरूफ उघडून पुढच्या कोपऱ्यातल्या भोकात फुलपात्रभर पाणी हळूहळू ओता आणि चाकाजवळ किंवा दाराच्या बिजागरीपाशी किती वेळात बाहेर येतं बघा. आलं नाही तर नळीत नायलॉनची मऊ दोरी फिरवा. तार घालू नका आणि हवेच्या पंपाने जोरात फुंकूही नका. नळी आतल्या जोडातून सुटली तर छताचं सगळं आतलं अस्तर उतरवावं लागतं.

रातराणी

ओतलं. डाव्या बाजूचं लगेच आलं. उजव्या बाजूचं अजून वाट बघतेय.

उगाचच

ताई, आधी पायाखाली हात घालून बघा.